हरिहरेश्वर ते गणपतीपुळे, दोघांची कारसहल: तारीख नको, तिथी बघा

‘लाँग वीकेंड बघा आणि निघा’ हा सल्ला कोकण किनाऱ्याला लागू पडत नाही. तो ऐकलात तर हरिहरेश्वरची खडकांवरून जाणारी प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली असते आणि हेदवीची बामणघळ, म्हणजे लाट शिरली की पाणी उसळवणारी कातळातली चीर, नेमकी गप्प. पहिलीला ओहोटी हवी, दुसरीला भरती. एका सहलीत दोन्ही साधायचं तर निघायचा दिवस समुद्र ठरवतो.

हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला (दोन्हीकडे पंधरा धरा) सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. म्हणून पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघाच.

आता पौर्णिमेला पुण्याहून सकाळी सातला निघा. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दुपारी हरिहरेश्वर. ओहोटी साडेपाचच्या आसपास. प्रदक्षिणेला सव्वाचारला उतरा, म्हणजे पाणी मागे हटत असताना. ओहोटीच्या वेळेच्या आत बाहेर या. सूर्यास्ताचा फोटो किनाऱ्यावरून काढा, खडकांवरून नको: तोवर पाणी परतायला लागलेलं असतं, आणि लाटांनी ओढून नेल्याच्या घटना इथे घडल्या आहेत. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरेसं मागे हटत नाही आणि बामणघळीतही जोर नसतो. त्या दिवसांत जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) बाणकोट खाडी ओलांडून वेश्वी. केळशी, मुक्काम आंजर्ले.

तिसऱ्या दिवशी कड्यावरचा गणपती, हर्णै, मग दाभोळ ते धोपावे जेटी. हा टप्पा चुकला तर गुहागर गाठायला चिपळूणचा वळसा पडतो, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच फोन करून विचारा. नकाशाचं ॲप रांगेतला वेळ धरत नाही; त्यात ‘फेरी टाळा’ चालू राहिलं असेल तर ते मुकाट वळसाच दाखवतं.

बोटीवर गाडी चढवताना एकाने खाली उतरावं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उतारावर शेवाळ उघडं पडतं आणि उतार-फळीच्या सांध्यात खालच्या बांध्याच्या गाड्या घासतात. पहिला गिअर, ब्रेकवर झटका नाही. कर्मचारी रिव्हर्स घ्यायला सांगतील तर वाद न घालता घ्या. आत हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा. सुटे पैसे जवळ असू द्या.

मुक्काम गुहागर. चौथा दिवस तृतीया, भरती सव्वादोन-अडीचला. सकाळी वेळणेश्वर, दीडला हेदवी. दशभुज गणेशाचं दर्शन आधी उरका, मग बामणघळीकडे. कातळाच्या चिरेत लाट शिरली की पाणी कारंज्यासारखं उंच उसळतं. कडेचा ओला खडक म्हणजे पाणी तिथवर येतं, कोरड्यावर थांबा. तिथून तवसाळ, जेटीने जयगड, मुक्काम गणपतीपुळे.

पाचव्या दिवशी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, मग आरेवारेमार्गे रत्नागिरी. टाकी तिथेच भरा आणि परतीला आंबा घाट उजेडात चढा.