दरवाजाचा ब्लॉक रंग बदलेना

बाहेरून आलेल्या प्लॅनमधला दरवाजाचा ब्लॉक (रेषा एकत्र बांधून केलेलं, पुन्हा पुन्हा टाकता येणारं चित्र) ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्याही लेयरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या थरावर, टाकला तरी लालच राहायचा. शिवाय इन्सर्ट करताना कर्सर एकीकडे आणि दरवाजा भलतीकडेच.

रंगाचं कारण ब्लॉकच्या पोटात होतं. आतल्या रेषांना थेट लाल रंग दिलेला, वर त्या भलत्याच लेयरवर काढलेल्या. बीएडिट कमांडने ब्लॉक त्याच्या एडिटरमध्ये उघडला, सगळ्या रेषा निवडल्या आणि प्रॉपर्टीजमध्ये लेयर ० व रंग बायलेयर (म्हणजे लेयरचा असेल तो) केला. लेयर ० वरच्या बायलेयर रेषा, ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग घेतात. सेव्ह करून बाहेर आलो, तर ड्रॉइंगमधले सगळे दरवाजे एकदम सुधारले. काही जण प्रत्येक ब्लॉक एक्सप्लोड करून, म्हणजे सुट्या रेषांमध्ये फोडून, रंग बदलत बसतात. मग ब्लॉक केलाच कशाला?

दुसरं दुखणं बेस पॉइंटचं, म्हणजे इन्सर्ट करताना ब्लॉक ज्या बिंदूने कर्सरला धरला जातो त्याचं. ब्लॉक बनवताना तो निवडला नाही तर ०,०,० धरला जातो. एडिटरमध्ये बिजागरीकडचा कोपरा ०,० वर आणून ठेवला. मात्र असं केल्यावर आधी टाकलेले दरवाजेही जागचे हलतात, म्हणून सरकवण्याआधी बीसेव्हअॅज वापरून ब्लॉकची नव्या नावाने प्रत काढली. जुने दरवाजे भिंतीत जिथल्या तिथे राहिले.