लढाईत कमावलेलं तहात गमावू नका: ग्रँड स्ट्रॅटेजी गेम शिकताना

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा राज्य चालवायचा कॉम्प्युटर गेम सुरू केला की तारीख येते ११ नोव्हेंबर १४४४, आणि नकाशा भारताकडे सरकवला की खानदेश दिसतो. फारुकींची छोटी सल्तनत, पश्चिमेला गुजरात, उत्तरेला माळवा, दक्षिणेला बहमनी. जळगाव-धुळ्याकडचा माणूस पहिल्यांदा तिथेच क्लिक करणार. काही वर्षांतच शेजारी येऊन राज्य गिळतात आणि मग चहूबाजूंनी सल्ले सुरू होतात. आधी व्हिडिओ बघा, आधी व्यापार समजून घ्या, नाहीतर सरळ ऑटोमन (तुर्की साम्राज्य) घ्या. तिन्ही सल्ले नवख्याला मागे ओढतात. व्यापार पहिल्या खेळात जवळजवळ दुर्लक्षित ठेवला तरी चालतो. व्हिडिओतला माणूस कशावर क्लिक करतो ते दिसतं, पण कशावर करायचं टाळतो ते दिसत नाही. आणि ऑटोमन इतके बलाढ्य आहेत की चुकीचा तह केला तरी फारसं बिघडत नाही, म्हणजे शिकायची मुख्य गोष्टच शिकायची राहून जाते. ती गोष्ट म्हणजे तह. लेखाचा मोठा भाग त्याच्यावरच आहे.

मशीनबद्दल थोडक्यात. ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त भार पडतो. भुसावळचा मे महिना असेल तर लॅपटॉप तापून गेम रखडतो, म्हणून पाचव्या वेगाचा हट्ट सोडा आणि खाली हवा खेळती राहील असं ठेवा. लाइट जाते हे धरून ऑटोसेव्ह कमी अंतरावर लावा. आयर्नमॅन मोड बंदच हवा, कारण शिकताना जुन्या सेव्हवर परत जाता आलं पाहिजे. एक्सपान्शन (गेमचे वेगळे विकले जाणारे जादा भाग) विकत घेऊ नका. मूळ गेम सेलमध्ये घ्या, पुढे आवडलाच तर महिन्याची वर्गणी भरून सगळी एक्सपान्शन वापरून बघता येतात.

राज्य कोणतं घ्यावं

कास्तील (स्पेनमधलं जुनं राज्य) किंवा विजयनगर. कास्तीलच्या शेजारी पोर्तुगाल आहे, त्याच्याशी लवकर जमतं. आपल्याकडचाच नकाशा हवा असेल तर विजयनगर घ्या. मोठे शत्रू उत्तरेच्या अंगाला, पाठीशी समुद्र, आणि पैसा पुरेसा. खानदेश तिसऱ्या खेळासाठी ठेवा, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पहिला तास: स्पेसबार दाबलेलाच

गेम थांबलेल्या अवस्थेत ही कामं करा. तिन्ही सल्लागार नेमा, पहिल्या पातळीचे, स्वस्तातले. प्रतिस्पर्धी निवडा. त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांपैकी ताकदवान दोघांशी मैत्रीचा करार करा, कारण शत्रूचा शत्रू इथे खरोखर मित्र होतो. राजनैतिक संबंधांच्या जागा सुरुवातीला चारच असतात, त्या लहानसहान राज्यांवर घालवू नका. एक दूत शेजारी हेरगिरीला पाठवा: जाळं २० पर्यंत गेलं की क्लेम (त्या जमिनीवर दावा) करता येतो आणि तो २५ वर्षं टिकतो. सैन्याचा खर्च शांततेत खाली ओढा.

वरच्या पट्टीतले तीन आकडे, म्हणजे अ‍ॅडमिन, डिप्लोमॅटिक आणि मिलिटरी पॉइंट, हाच या गेमचा खरा पैसा. दर महिन्याला मूळचे ३, त्यात राजाची कुवत (० ते ६) आणि सल्लागाराची पातळी मिळवली जाते. साठा ९९९ च्या पुढे जात नाही. सोनं कमी पडलं तर कर्ज मिळतं, पॉइंटांचं कर्ज मिळत नाही.

लढाई

ही सोपी आहे. सैन्याचा खर्च युद्धाआधी एक-दोन महिने पूर्ण वर न्या, नाहीतर मनोबल अर्धवट राहून दुप्पट फौजही पळते. लढाईत गेम फासे टाकतो: नदी ओलांडून हल्ला केला तर फाशावर एक वजा, टेकड्यांत एक, डोंगरात दोन, म्हणून शत्रूला आपल्याकडे येऊ द्या. प्रांत किती फौज पोसू शकतो ते बघून फौज विभागून हलवा, लढाईच्या दिवशी एकत्र आणा. मिलिटरी टेक (लष्करी तंत्रज्ञानाची पातळी) ७ येईपर्यंत तोफा मिळत नाहीत, तोवर किल्ले भुकेनेच पडतात, वेळ लागतो. क्लेमशिवाय युद्ध पुकारलं तर स्थैर्य दोनने घसरतं. तसं करू नका.

मित्राच्या युद्धात गेलात तर तह मित्रच करतो आणि तुमच्या हाती काहीच न लागण्याची शक्यता मोठी. जमीन हवी असेल तर युद्ध स्वतः पुकारा.

तह

नव्वद टक्के खेळ इथे बिघडतात, आणि बिघडल्याचं पाच-सात वर्षांनी कळतं. युद्ध जिंकलेलं असतं, वॉरस्कोर (युद्धातल्या यशाचा आकडा, तहातल्या मागण्या त्यातून भागतात) भरलेला असतो, समोर शत्रूचे सगळे प्रांत टिक करण्यासारखे दिसतात. नवखा सगळे टिक करतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं की टिक करण्याआधी तीन वेगवेगळे हिशेब करायचे असतात, आणि तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा जितका, तितकीच जमीन घ्यायची.

पहिला हिशेब अ‍ॅडमिन पॉइंटांचा. घेतलेला प्रांत कोअर करावा लागतो, म्हणजे पक्का आपला करावा लागतो. ढोबळ दर डेव्हलपमेंटच्या (प्रांताच्या विकासाच्या) एका आकड्याला १० पॉइंट, क्लेम असेल तर १० टक्के सूट. नेमका आकडा तहाच्या आधीच, प्रांतावर माउस नेऊन बघा. समजा शत्रूचे पाच प्रांत १२, १८, ८, १५ आणि १० डेव्हलपमेंटचे आहेत. सगळे मिळून ६३, म्हणजे ६३० पॉइंट. राजाची कुवत ३ आणि सल्लागार पहिल्या पातळीचा असेल तर महिन्याला ३ + ३ + १ = ७ पॉइंट जमतात. ६३० ला ९० महिने, साडेसात वर्षं. त्याच पॉइंटांतून अ‍ॅडमिन टेक्नॉलॉजीही घ्यायची आहे, तिची मूळ किंमत ६०० आहे. म्हणजे सगळे प्रांत घेणारा माणूस त्या टेकमध्ये मागे पडतो. ८ आणि १२ चे दोनच प्रांत क्लेमसह घेतले तर १८० पॉइंट, साधारण २६ महिन्यांची कमाई. विहिरीत पाणी जितकं, तितकीच केळी लावायची, हे रावेर-यावलकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही. इथेही तेच करा.

दुसरा हिशेब ओव्हरएक्स्टेन्शनचा, म्हणजे अजून न पचलेल्या जमिनीचा. कोअर न झालेल्या डेव्हलपमेंटच्या प्रत्येक आकड्याला साधारण एक टक्का. १०० च्या पुढे गेलात की बंडं आणि नुकसानीच्या घटना रांगेने येतात. कोअरला मूळ मुदत ३६ महिने लागते आणि तोवर हा आकडा उतरत नाही. त्यामुळे एका युद्धाचा कोअर पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या शेजाऱ्याची जमीन घेतली की दोन्ही बेरजा एकावर एक चढतात. ज्याच्याकडे कोअर सुरू करायलाही पॉइंट नाहीत त्याचा आकडा तसाच राहतो, आणि बंडखोर वाट बघत नाहीत.

तिसरा हिशेब अ‍ॅग्रेसिव्ह एक्सपान्शनचा, म्हणजे तुमच्या विस्तारामुळे येणाऱ्या रागाचा. सगळ्यात फसवा हाच, कारण तो तुमच्या खात्यावर दिसत नाही, शेजाऱ्यांच्या मनात साठतो. ज्याची जमीन घेतली त्याच्याच धर्माच्या आणि जवळच्या राज्यांना तो जास्त लागतो, लांबच्यांना कमी. एखाद्या राज्याच्या मनात तो ५० ला पोचला आणि तुमच्याबद्दलचं मत उणे असलं, की ते राज्य तुमच्याविरुद्धच्या कोअलिशनमध्ये (संयुक्त आघाडीत) जाऊ शकतं. मग पाच-सहा राज्यं एकदम चालून येतात आणि तुमचे मित्र ‘युद्ध अशक्य आहे’ म्हणून बाजूला होतात. उतार वर्षाला साधारण २ चा, म्हणजे ४० साठवलेत तर वीस वर्षं. तह पाठवण्याआधी तहाच्या पडद्यावरच्या या रागाच्या चिन्हावर माउस न्या: कोणत्या राज्याच्या मनात किती वाढेल त्याची यादी उघडते. यादीतलं एखादं बलाढ्य राज्य ५० च्या जवळ येत असेल तर एक प्रांत कमी करा. निम्मी यादी ५० पलीकडे जात असेल तर जमीन घेऊच नका. दूत मोकळा असेल तर तो त्या बलाढ्य राज्याशी संबंध सुधारायला लावा. मत अधिक राहिलं तर ५० ओलांडूनही ते कोअलिशनमध्ये जात नाही.

मग उरलेल्या वॉरस्कोरचं काय? तो वाया गेला असं समजू नका. पैसा मागा. युद्धखंडणी मागा, ती दहा वर्षं शत्रूच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांनी येत राहते. त्याचे मित्रकरार तोडायला लावा, हे तर जमिनीहून मोलाचं, कारण पुढच्या वेळी तो एकटा असतो. तुमच्या मांडलिकाचे कोअर शत्रूकडे अडकलेले असतील तर ते परत मागा, त्याने शेजाऱ्यांचा राग फार कमी वाढतो. नवी जमीन मांडलिकाला दिली तर कोअरचे पॉइंट त्याचे जातात, तुमचे नाही.

वेळ कधीची साधावी, हेही सांगतो. तहाची मुदत साधारण ५ ते १५ वर्षं, जितका मोठा तह तितकी लांब. १०० टक्के वॉरस्कोरचा तह केला तर पंधरा वर्षं त्या शत्रूला हात लावता येत नाही. ३० टक्क्यांवर थांबलात तर आठच वर्षं, आणि आठ वर्षांत कोअर पूर्ण, पॉइंट परत जमलेले, राग बराच उतरलेला. लहान तह तीनदा केला तर मोठ्या एका तहाइतकी जमीन जवळजवळ पदरात पडते, आणि कोअलिशन होत नाही. म्हणून शत्रूची राजधानी पडेपर्यंत लढत बसू नका. दर सहा महिन्यांनी तहाचा पडदा उघडा, हवं तेवढं मान्य होतंय का बघा, होत असेल तर त्याच दिवशी पाठवा. शत्रूचा मित्र दमला असेल तर त्याच्याशी आधी वेगळा तह करून त्याला बाहेर काढा.

मुदत संपण्याआधी तह मोडून हल्ला करू नका. स्थैर्य कोसळतं आणि सावरायला पुन्हा अ‍ॅडमिन पॉइंटच लागतात.

तहानंतर

सैन्याचा खर्च लगेच उतरवू नका. कोअर झालेल्या प्रांतातही फुटीरपणा बराच काळ राहतो. नव्या प्रांतांची स्वायत्तता एकदा वाढवा. उत्पन्न घटतं, पण असंतोष दहाने उतरतो. नवख्यासाठी हा सौदा योग्यच आहे. फौज महिनाभर तिथेच उभी ठेवा.

आता खानदेश

दोन खेळ झाले, पन्नासेक वर्षं न बुडता टिकलात, की खानदेश घ्या. फारुकी १३८२ पासून १६०१ पर्यंत टिकले ते फौजेच्या जोरावर नाही. एकेका मोठ्या शेजाऱ्याचं वर्चस्व मान्य करून, सोयरीक जुळवून, आणि असीरगड हाताशी ठेवून. नासिरखान फारुकीने मुलगी बहमनी राजपुत्राला दिली होती. गेममध्ये हाच मार्ग चालतो. गुजरात आणि बहमनी यांच्यापैकी जो मैत्रीला तयार असेल त्याच्याशी पहिल्याच महिन्यात करार करा, दोघांशी जमलं तर उत्तम. किल्ला चालू ठेवा, पैसे वाचवायला तो बंद करणारा खानदेश टिकत नाही.

पहिला क्लेम बागलाणसारख्या लहान राज्यावर. माळव्याला एकट्याने कधीही अंगावर घेऊ नका, तो दुसऱ्या युद्धात गुंतलेला आणि त्याची मॅनपॉवर संपलेली असेल तेव्हाच मित्राला बोलवून उतरा. गुजरात आणि माळवा दोघेही सुन्नी, म्हणून एकाची जमीन घेतली की दुसऱ्याच्या मनात राग वेगाने साठतो. एका तहात एकच प्रांत, फार तर दोन. पहिली तीस वर्षं याच्या पुढे जाऊ नका.