डोळ्यात कुसळ गेल्यावर या चुका टाळा: बुबुळावरच्या व्रणाबद्दल संशोधन काय सांगतं

भाताची झोडणी, सोयाबीनची मळणी आणि त्यामागोमाग सुरू होणारी ऊसतोड, या कामांत डोळ्याला काहीतरी लागणं ही रोजची गोष्ट. उसाचं पातं फटकन लागतं, मळणी यंत्रापुढे उभं राहिलं की भुसा आणि कुसळं तोंडावर येतात. पाणी मारायचं, डोळा चोळायचा आणि पुन्हा कामाला लागायचं, असंच बहुतेक जण करतात. बऱ्याच जणांचं काही बिघडतही नाही. पण काहींच्या बुबुळावर चार-आठ दिवसांत पांढरा ठिपका दिसायला लागतो. तिथून पुढे डोळा राहणार की जाणार, हे बरंचसं सुरुवातीच्या दिवसांत काय केलं यावर ठरतं.

डॉक्टर याला कॉर्नियल अल्सर म्हणतात. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो त्यावर ओरखडा उठतो, ओरखड्यातून जंतू किंवा बुरशी आत शिरते आणि तिथे व्रण होतो. व्रण बरा झाला तरी मागे डाग राहतो. गावाकडे ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात ते बऱ्याचदा हेच.

या आजारावरचं जगातलं सर्वांत महत्त्वाचं संशोधन आपल्याच भागात झालं आहे, कारण रुग्णही इथेच आहेत. तमिळनाडूतल्या मदुराई जिल्ह्यात १९९३ साली दर लाख लोकांमागे ११३ जणांना असा व्रण झाल्याचा अंदाज निघाला. अमेरिकेतल्या एका जिल्ह्यात हाच आकडा ११ होता. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत व्रण घेऊन आलेल्या ४३४ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या ६५ टक्के लोकांना आधी डोळ्याला इजा झालेली होती, आणि ज्यांच्या नमुन्यात प्रयोगशाळेत जंतू किंवा बुरशी वाढली त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या व्रणात बुरशी सापडली. शीत देशांत लिहिलेल्या पुस्तकांत बुरशीचा व्रण हा दुर्मीळ म्हणून येतो. आपल्याकडे मात्र शेतात लागलेल्या डोळ्यात बुरशीची शंका पहिल्या दिवसापासून मनात ठेवावी लागते. पुढच्या चुका समजून घेताना हे लक्षात असू द्या.

‘डोळा आलाय, जाईल आपोआप’

सर्वांत जास्त दिवस इथेच वाया जातात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती. अशा दिवसांत कुणाचाही डोळा लाल झाला की एकच निष्कर्ष निघतो. पण डोळे येतात तेव्हा सहसा एकापाठोपाठ दोन्ही डोळे लाल होतात, चिपडं येतात, खुपतं, आणि चिपडं पुसली की दिसतं मात्र नीट. व्रणात बहुधा एकच डोळा दुखतो, आणि ते दुखणं ठसठशीत असतं. उजेड सहन होत नाही, सारखं पाणी येतं, त्या डोळ्याने धूसर दिसतं. घरातल्या कुणीतरी खिडकीपाशी उजेडात बसवून बुबुळाकडे नीट पाहावं. पांढरा किंवा पिवळसर ठिपका दिसला तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ठिपका दिसला नाही, पण चांगला डोळा झाकल्यावर दुखऱ्या डोळ्याने कमी दिसत असेल, तरीही हाच नियम.

बुरशी आणखी एका गोष्टीने फसवते. ती सावकाश वाढते. जखम सोमवारची आणि त्रास पुढच्या रविवारी, असं झालं की रुग्ण जखम विसरूनही गेलेला असतो. डॉक्टरांनी ‘काही लागलं होतं का?’ असं विचारलं तर मागचे दोन आठवडे आठवून सांगा.

जिभेने कण काढणे, दूध, मध, कांद्याचा रस

गावात कण काढण्यात हातखंडा असलेलं कुणी ना कुणी असतं. पदराचं टोक, जिभेचं टोक, काडीला गुंडाळलेला कापूस. त्यांची भावना चांगली असते, यात शंका नाही. पण तोंडातले जंतू थेट उघड्या ओरखड्यावर जातात, आणि कापसाने ओरखडा आणखी मोठा होतो. अंगावरचं दूध, मध, तूप, एरंडेल यांतलं काहीही निर्जंतुक नसतं. स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवायचा, चोळायचा नाही, एवढंच घरी करायचं. कण रुतून बसला असेल तर तो काढायची जागा म्हणजे दवाखाना. शेतातल्या पाल्यापाचोळ्याने लागलेल्या डोळ्यावर घट्ट पट्टीही बांधू नका. बंद, उबदार, ओल्या जागेत बुरशीला आणि जंतूंना आयतंच फावतं.

‘बघू दोन दिवस’

नेपाळमधल्या भक्तपूर भागात झालेला एक अभ्यास प्रत्येक ग्रामपंचायतीत सांगावा असा आहे. गावातल्याच आरोग्य स्वयंसेवकांना शिकवलं गेलं की डोळ्यात पिवळ्या रंगाची पट्टी टेकवून निळ्या उजेडात पाहायचं. ओरखडा असेल तिथे रंग धरतो आणि हिरवा चमकतो. ओरखडा दिसला की क्लोरॅम्फेनिकॉल या जंतुनाशकाचं साधं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. अशा ४४२ ओरखड्यांपैकी ४२४, म्हणजे ९६ टक्के, संसर्ग न होता भरून आले. त्याहून महत्त्वाचा आकडा वेळेचा आहे. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना झाला. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना झाला.

हे वाचताना एक भान ठेवायला हवं. या अभ्यासात मलम न दिलेला तुलनेचा गट नव्हता. पुढे नेपाळमध्येच गावांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून मोठी चाचणी झाली, आणि तिथे स्वयंसेवक असलेल्या गावांत व्रणांचं एकूण प्रमाण स्पष्टपणे घटलेलं दिसलं नाही. त्या चाचणीत अख्ख्या गावातले व्रण मोजले होते, मलम घ्यायला न आलेल्यांचेही. त्यामुळे ‘मलम वाटलं की गावातून आजार जातो’ असा अर्थ काढू नये, आणि ‘लवकर जाऊन उपयोग नाही’ असा तर मुळीच काढू नये. ओरखडा उठला आहे हे ज्याला कळलंय, त्याने त्याच दिवशी डोळा तपासून घ्यावा, यावर माझ्या मते दुमत असायचं कारण नाही.

मेडिकलमधून ‘लालीचा ड्रॉप’ आणणे

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दुकानात मिळणाऱ्या कितीतरी ड्रॉपमध्ये जंतुनाशकासोबत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ब्रँडचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल किंवा डायफ्लुप्रेडनेट. ही सगळी स्टेरॉइडंच. घातल्यावर लाली ओसरते, ठणका कमी होतो, माणूस दुकानदाराला दुवा देतो. पण स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार दाबला जातो, आणि बुरशीचा व्रण असेल तर ती निवांत खोलवर पसरते. आठवडाभराने बाटली संपते तेव्हा ठिपक्याचा मोठा डाग झालेला असतो. शेजाऱ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेल्या ड्रॉपचीही तीच गत, कारण त्यात बहुधा स्टेरॉइडच असतं. वरचेवर घातल्याने काचबिंदू होऊ शकतो तो वेगळाच.

इथे इंटरनेटवर वाचणाऱ्यांची आणि काही तरुण डॉक्टरांचीही एक गफलत होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्कट’ या चाचणीत व्रणाच्या ५०० रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉइडचे थेंब दिले आणि निम्म्यांना औषध नसलेले थेंब. तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या नजरेत एकूण फरक निघाला नाही, आणि स्टेरॉइडमुळे नुकसानही वाढलं नाही. यावरून ‘व्रणात स्टेरॉइड चालतं’ असं सर्रास सांगितलं जातं. पण चाचणीत कुणाला घेतलं होतं ते पाहा. कल्चर करून, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून, जिवाणू सिद्ध झालेलेच रुग्ण घेतले, बुरशीचे आणि नागिणीच्या विषाणूचे वगळले. आधी ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन हे जिवाणू मारणारं औषध दिलं आणि मगच स्टेरॉइड. एवढं करूनही मातीत राहणाऱ्या नोकार्डिया या जिवाणूच्या व्रणांत स्टेरॉइडने डाग वाढल्याचं नंतरच्या विश्लेषणात दिसलं. काऊंटरवरून बाटली घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत यातली एकही अट पूर्ण झालेली नसते. चाचणीचा निष्कर्ष वाचण्याआधी चाचणीत कोण होतं हे वाचायची सवय लावून घ्या, मग अशा बातम्यांनी फसायला होत नाही.

नमुना न घेता औषधं बदलत राहणे

तीन डॉक्टर, सात बाटल्या आणि एकही तपासणी नाही, अशा अवस्थेत मोठ्या रुग्णालयात पोचणारे कितीतरी असतात. खरवड घेतली की उत्तर त्याच बैठकीत मिळू शकतं. डोळा बधिर करून डॉक्टर यंत्रातून पाहत व्रणाच्या कडेचा कण पात्याने अलगद उचलतात आणि काचपट्टीवर पसरतात. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आणि वर पातळ काच. थोड्या वेळात पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशी असेल तर फांद्या फुटलेले, मधेमधे आडव्या भिंती असलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. खर्च अगदी किरकोळ. उरलेला नमुना कल्चरला जातो, त्याला काही दिवस लागतात. ‘डोळा खरवडणार’ हे ऐकून लोक घाबरतात आणि निघून जातात, पण बधिर केल्यावर दुखत नाही, उलट वरचा मेलेला थर निघाल्याने औषध आत पोचायला मदतच होते. छोट्या गावात सोय नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: ‘खरवड कुठे होईल?’

बधिर करणारे थेंब मात्र घरी मागून आणू नका. वेल्डिंग करणारी मुलं ते सर्रास वापरतात. त्याने जखम भरायची थांबते आणि बुबुळ झिजतं.

महाग औषध म्हणजे चांगलं औषध, हा समज

बुरशीच्या व्रणावर नॅटामायसिन हे ५ टक्क्यांचं जुनं औषध आहे. ते पडद्यात फार खोल जात नाही, म्हणून नंतर आलेल्या, जास्त खोल शिरणाऱ्या आणि महागड्या व्होरिकोनाझोलकडे ओढा वाढला. कागदावर तर्क पक्का वाटत होता. अरविंदमध्ये ‘मट-१’ चाचणीत ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली आणि २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. नॅटामायसिन घेणाऱ्यांची नजर चांगली राहिली, आणि बुबुळाला भोक पडण्याचं किंवा तातडीने रोपण करावं लागण्याचं प्रमाण सुमारे निम्मं निघालं. फ्युझेरियम या बुरशीत तर फरक फारच ठळक होता. फरक दिसल्यावर नवे रुग्ण घेणं ठरल्याआधीच थांबवलं गेलं.

मग गंभीर व्रणात व्होरिकोनाझोलच्या गोळ्या पोटातून दिल्या तर? भारत आणि नेपाळमधल्या २४० रुग्णांच्या ‘मट-२’ मध्ये एकूणात फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. नेपाळमध्ये क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशकही तपासलं गेलं, तिथेही नॅटामायसिन सरस ठरलं. किरणांनी पडदा कडक करण्याचा क्रॉसलिंकिंग हा उपाय बुरशीच्या व्रणात वापरून पाहिला, त्यानेही लाभ झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नॅटामायसिन आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. तेव्हा डॉक्टरांनी तेच लिहून दिलं तर ‘भारी औषध द्या’ म्हणून हट्ट धरू नका.

हे औषध वापरण्यातही चुका होतात. ते दुधाळ असतं आणि तळाशी बसतं, म्हणून बाटली दर वेळी नीट हलवायची, नाहीतर डोळ्यात नुसतं पाणीच जातं. डोळ्यात पांढरा साका दिसला तर तो औषधाचा असू शकतो, घाबरून बंद करू नका. मट-१ मध्ये पहिला आठवडा जागेपणी दर तासाला थेंब होता, नंतर तीन आठवड्यांपर्यंत दर दोन तासांनी. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला फडात हे जमणार नाही, हे उघड आहे. म्हणून मुकादमाशी बोलून सुरुवातीचे दिवस तरी सुट्टी मिळवणं किंवा दवाखान्यात भरती होणं हाच उपचाराचा भाग समजा. दोन वेगळे थेंब असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या. ठणका थांबला म्हणून मनाने बंद करू नका.

चाचणीचं नाव काढताच पळणे, किंवा न विचारता सही करणे

मोठ्या रुग्णालयात ‘अभ्यासात सहभागी व्हाल का?’ असं विचारलं जाऊ शकतं. वर सांगितलेली सगळी माहिती शेतकरी, मजूर रुग्णांनी हो म्हटल्यामुळेच मिळाली आहे. तरी सही करण्याआधी विचारा: चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आहे का, मला कोणती दोन औषधं मिळू शकतात, तब्येत बिघडली तर खर्च कोणाचा, आणि मधेच सोडता येईल का. सोडता येतंच, आणि त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

दवाखान्यात जाताना आतापर्यंत घातलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, रिकाम्याही. काय लागलं, कधी लागलं, मधुमेह आहे का, हे आधीच सांगा. औषध चालू असतानाही व्रण पसरत गेला आणि डॉक्टरांनी बुबुळ रोपण सुचवलं, तर गावी जाऊन विचार करून येतो म्हणून आठवडा घालवू नका. बुरशी पडद्याच्या कडेपर्यंत पोचण्याआधी रोपण झालं तर ती पूर्ण काढून टाकता येण्याची शक्यता बरीच जास्त असते.