पेट्रोलचा वास जमिनीतून येतो की घरातूनच? तपासणी कशी करावी

हायवेला लागून जुना पेट्रोलपंप आणि त्याच्या मागे चार-सहा घरं, असं चित्र विदर्भात बऱ्याच गावांच्या वेशीवर दिसतं. त्यातल्या एखाद्या घरात रात्री वास यायला लागला की घरचे म्हणतात पंपाची टाकी गळते, आणि पंपवाला म्हणतो तुमच्याच गाडीचा वास आहे. दोन्ही खरं असू शकतं, तेही एकाच वेळी. घरातल्या हवेचा एकच नमुना तपासून हा वाद मिटत नाही. फरशीखालची, घरातली आणि अंगणातली हवा एकाच दिवशी मोजावी लागते, आणि त्याआधी घरातली वास सोडणारी प्रत्येक वस्तू बाहेर काढावी लागते.

वास उग्र असेल, डोकं दुखत असेल किंवा विहिरीच्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग दिसत असेल, तर तपासणी नंतर. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 टक्के झाली की ठिणगीने पेट घेते. दिव्याचं बटण चालू करू नका, बंदही करू नका. चूल पेटलेली असेल तर ती विझवत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि 112 ला फोन बाहेर गेल्यावर करा. विहिरीत किंवा जुन्या वाड्यातल्या पेवात (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात) पाहायला कोणी उतरू नये. पेवात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, आणि वर उभ्या माणसाला ते कळत नाही. पेव थेट मातीशी जोडलेलं असल्यामुळे जमिनीतल्या वाफेची ती उघडी वाटच असते, म्हणून तपासणीसाठी घराचा नकाशा काढाल त्यात ते नक्की दाखवा.

आता घरातली यादी. सपरीत उभी राहणारी मोटरसायकल, फवारणी पंपाच्या पेट्रोलची कॅन, ऑइल पेंट, थिनर, कपाटातल्या डांबरगोळ्या हे सगळ्यांना सुचतं. सुटतात ती कीटकनाशकं. ज्या बाटलीवर ‘ईसी’ लिहिलेलं असतं, त्यातल्या बऱ्याच औषधांत झायलीनसारखं द्रावक असतं, आणि हेच झायलीन पेट्रोलमध्येही असतं. बाटल्या माजघरातल्या फळीवर असतील तर अहवालात झायलीन येणारच, पंप गळो न गळो. चुलीत पऱ्हाट्या जळतात त्या धुरातही पेट्रोलमधलं बेंझिन असतं, उदबत्तीच्या धुरातही. धान्याच्या कोठीत सल्फासच्या गोळ्या टाकल्या असतील तर त्यातून निघणारा फॉस्फिन वायू जिवावर बेतणारा आहे. अशा खोलीत झोपणं त्याच दिवशी बंद करा.

या वस्तू घराबाहेर, शक्यतो वेगळ्या गोठ्यात हलवा आणि 48 ते 72 तास जाऊ द्या. गाडीही त्या दिवसांत बाहेरच. भिंती, गाद्या, साठवलेला कापूस यांत मुरलेला वास निघायला तेवढा वेळ लागतो. सामान सकाळी काढून दुपारी नमुना घेतला तर पैसे वाया जातात.

त्यानंतर पीआयडी मीटर, म्हणजे हवेतली वाफ जागच्या जागी मोजणारं हातातलं यंत्र, घेऊन फिरायचं. 10.6 इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा असलेलं मीटर बेंझिन, टोल्युइन, झायलीन हे पेट्रोलचे घटक पकडतं. मिथेन त्याला दिसत नाही. शहाबादी फरशीचे सांधे, भिंत आणि फरशी मिळते ती फट, न्हाणीची मोरी, नळाचा पाइप आत येतो ती जागा, या ठिकाणी नळी एक सेंटीमीटर अंतरावर अर्धा-एक मिनिट धरा. नळयोजनेची चारी कुठून गेली तेही पाहा, कारण सैल भरलेल्या चारीतून वाफ लांबपर्यंत चालत येते. मोरीतून गटाराचा वास येत असेल तर आधी तिच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपात, पाणी ओता. सुकलेल्या ट्रॅपचा वास कित्येकदा पेट्रोलच्या नावावर खपतो. मीटरवर 0.0 दिसलं म्हणून हवा स्वच्छ समजू नका. बेंझिनचं 1 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) म्हणजे घनमीटरमागे सुमारे 3,190 मायक्रोग्रॅम. भारताच्या 2009 च्या मानकात बाहेरच्या हवेतल्या बेंझिनची वार्षिक मर्यादा 5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मीटर 0.1 दाखवू लागेपर्यंत आपण त्या मर्यादेच्या साठपटीपुढे गेलेलो असतो. मीटर जागा शोधायला वापरायचं, निकाल प्रयोगशाळेचाच. पावसाळ्यात दमट हवेने त्याचे आकडे भरकटतात, हेही लक्षात असू द्या.

खरं काम फरशीखालच्या नमुन्याचं. भिंतीपासून दीड-दोन मीटर आत, वायर-पाइप नाही अशी जागा पाहून 16 मिमीच्या बिटने कोबा किंवा स्लॅब आरपार करा. त्यात 6 मिमीची स्टीलची नळी बसवा. भोवतीची जागा बेंटोनाइट चिकणमाती भिजवून घट्ट भरा. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती बेंटोनाइटच्याच जातीची असते, त्यामुळे वाटतं अंगणातलीच लावावी. पण फवारणी झालेल्या शेतातली किंवा संशयित अंगणातली माती लावली तर तिचाच वास नमुन्यात येईल. एम-सील, सिंथेटिक गोंद अजिबात नको, ते स्वतःच वाफ सोडतात. मीटरपर्यंत टेफ्लॉनची नळी लावा. हाताशी असते म्हणून सलाईनची नळी जोडतात, पण तिचं प्लास्टिक वाफ शोषून घेतं आणि आकडा खाली येतो.

निदान दोन तास थांबा. मग नळीभोवती मातीचं आळं करून पाणी भरा. पाणी खाली मुरलं तर सांधा गळतोय, पुन्हा भरा. नाहीतर फरशीखालच्या हवेऐवजी खोलीचीच हवा ओढली जाईल. नळीच्या आकारमानाच्या तिप्पट हवा काढून टाका आणि नंतर मिनिटाला 200 मिलीपेक्षा सावकाश नमुना घ्या. ओली काळी माती हवा सोडत नाही. नमुन्याचा पंप हवा ओढत नसेल तर जोर न लावता दुसरी जागा बघा.

जमीन शेणाने सारवलेली असेल तर भोक पाडण्यात अर्थ नाही. तिथे घराला लागून, वळचणीखाली, दीड मीटर खोलीवर मुरमात नळी ठोकून नमुना घ्यावा.

त्याच वेळी घरात एक 6 लिटरचा निर्वात कॅनिस्टर (आतली हवा काढलेला डबा, तो हळूहळू खोलीतली हवा ओढून घेतो), जिथे माणसं झोपतात तिथे, जमिनीपासून एक ते दीड मीटर उंचीवर, 24 तास. दुसरा अंगणात, पंपाकडून वारा येतो त्या बाजूला. सुरुवातीचा आणि शेवटचा व्हॅक्यूम दोन्ही लिहून ठेवा. शेवटी थोडा उरलाच पाहिजे. पूर्ण शून्यावर आला तर 24 तास भरले की चारच, ते सांगता येत नाही.

ऋतूवर बरंच अवलंबून आहे. मे महिन्यात कूलर चालू असताना घेतलेला नमुना फसवतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, घरात किंचित दाब तयार होतो आणि जमिनीतली वाफ खालीच दाबली जाते. एक्झॉस्ट फॅन याच्या उलट, तिला वर ओढतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दारं बंद असतात आणि आतली ऊबदार हवा कौलांतून निघून जाताना जमिनीतून हवा ओढते. एक नमुना तेव्हाचा घ्या. दुसरा ऑगस्टचा. अंगणातल्या भेगा पावसाने मिटतात, कोरडी माती फक्त घराखाली उरते आणि वाफ तिकडे वळते. शिवाय मातीतले जिवाणू पेट्रोलची वाफ खाऊन टाकतात, पण त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि चिंब काळ्या मातीतून तो खाली पोचत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या 2015 च्या मार्गदर्शिकेत साचलेलं पेट्रोल आणि घराचा पाया यांत 15 फूट स्वच्छ माती पुरेशी धरली आहे. मुरमाखाली फुटका काळा पाषाण असेल तर त्या अंतरावर विसंबू नका. भेगांतून जाणारी वाफ जिवाणूंच्या तावडीत सापडत नाही.

आकडे असे वाचा. त्याच संस्थेचा सावध अंदाज म्हणजे फरशीखालच्या वाफेचा 0.03 भाग घरात येतो. खाली टोल्युइन 10,000 मायक्रोग्रॅम असेल तर वर 300 पर्यंत समजू शकतो. घरात 2,000 निघालं तर उरलेलं घरातलंच. बाटल्यांची यादी पुन्हा काढा. खाली आणि वर घटकांचं आपसातलं प्रमाण सारखं असेल, आणि पेंटेन, हेक्झेनसारखे हलके घटकही दिसत असतील, तर ते पेट्रोल जमिनीतून येतंय. बेंझिन टोल्युइनपेक्षा जास्त आणि हलके घटक नगण्य असतील तर आधी चुलीच्या धुराचा विचार करा. अंगण आणि घर सारखंच असेल, तर वाफ पंपावरून उघड्या हवेतून येते आहे. तरीही शंका राहिली तर खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावून काही तास चालवा आणि पुन्हा मोजा: घरातली वस्तू असेल तर आकडा पडतो, जमिनीतून येत असेल तर टिकतो किंवा चढतो.

जमिनीचा दोष दिसला की पंपाच्या डिप रॉडच्या (टाकीतला साठा मोजायच्या काठीच्या) नोंदी आणि साठ्यातली तूट लेखी मागा. अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे करा. तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. तोवर सांधे सिमेंटने बुजवा, पेव बंद करा. वाफ जास्त असेल तर फरशीखालून चार इंची पीव्हीसी पाइप काढून छपराच्या वर न्यावा आणि त्यावर ठिणगी न पडणारा पंखा बसवावा. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. नमुन्यासाठी पाडलेलं भोक सिमेंटने भरायला विसरू नका, नाहीतर वाफेला नवी वाट आपणच करून दिलेली असते.