ब्रेसखालची बनियन उलटी घाला

कण्याचा बाक वाढू नये म्हणून लहान मुलाला प्लास्टिकचा ब्रेस दिवसातले बरेच तास घालावा लागतो. नवतपात नागपूरचा पारा 45 च्या आसपास गेला की आत घामोळं येतं, कातडी सोलवटते आणि लेकरू ब्रेस जवळ आणू देत नाही.

1. बिनशिवणीची सुती बनियन मिळाली तर उत्तमच. नाहीतर साधीच, अंगाला बेताची घट्ट आणि ब्रेसच्या दोन्ही कडांबाहेर येईल इतकी लांब घ्या. ती उलटी घाला, म्हणजे शिवण आणि लेबल कातडीला लागत नाहीत.
2. मुलाला आडवं करून ब्रेस चढवा, बनियन खालून ओढून एकूण एक सुरकुती काढा, मगच पट्टे आवळा. गरम होतं म्हणून पट्टे सैल सोडू नका. सैल ब्रेस सरकतो आणि जास्त घासतो. मन घट्ट करून पट्टे त्यांच्यावर ब्रेस बनवणाऱ्याने केलेल्या खुणेपर्यंत ओढावेच लागतात.
3. बनियन ओली झाली की बदला. दप्तरात एक जास्तीची ठेवा.

ब्रेसखाली पावडर, तेल, मलम काही नको. ब्रेस आतून सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा बंद गाडीत तो ठेवूच नका, प्लास्टिक वाकतं.

ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासानेही लाल डाग गेला नाही किंवा फोड दिसला, तर घरी कापूस कोंबत बसू नका. ब्रेस बनवणाऱ्याला किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.