कोड बरोबर, तरी लिंकर अडतो: लिनक्स नेटवर्किंगमधली केकॉन्फिग डिपेंडन्सी कशी दुरुस्त करावी

मागच्या उन्हाळ्यात भाचा लॅपटॉप काखोटीला मारून आमच्या बडोद्याच्या डांडिया बाजारातल्या घरी आला. तो सयाजीराव विद्यापीठात इंजिनिअरिंगला आहे. आमच्याकडची जुनी मंडळी त्याला अजून 'कलाभवनात शिकतो' असंच म्हणतात. "मामा, बघ ना. फाइल कंपाइल होते आणि शेवटी बोंब मारते." एका इथरनेट ड्रायव्हरमध्ये त्याने घड्याळ जुळवण्याची सोय, म्हणजे पीटीपी, घातली होती. स्क्रीनवर लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामची, शेवटची ओळ होती: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू पीटीपी क्लॉक रजिस्टर'.

त्याच्या सी कोडमध्ये चूक नव्हती. चूक केकॉन्फिग नावाच्या फाइलमधल्या एका ओळीत होती. कर्नलमध्ये कोणती सोय (ऑप्शन) कोणत्या अटीवर घेता येईल, ते या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, अशी चूक सतत कोणाच्या तरी हातून होते, आणि नेटवर्किंगमध्ये जरा जास्तच, कारण तिथे प्रत्येक ड्रायव्हरला घड्याळ, फाय (तारेवरचे सिग्नल सांभाळणारा भाग), ब्रिज (नेटवर्क जोडणारा भाग), आयपीव्ही६ असे शेजारी असतात. ती कशी शोधायची आणि कशी मिटवायची, ते सांगतो. आज्ञा आणि ऑप्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.

आधी एक गोष्ट पक्की करा. केकॉन्फिगमध्ये बऱ्याच ऑप्शनना तीन किमती असतात. वाय म्हणजे कर्नलच्या पोटातच बसवलेला, एम म्हणजे नंतर लोड होणारा मॉड्यूल, एन म्हणजे नाहीच. मॉड्यूल कर्नलच्या पोटातलं फंक्शन खुशाल बोलावू शकतो, उलटं मात्र जमत नाही. काकडआरतीला पेटी हवी आणि पेटीवाले येणार सकाळी नऊला, तशी गत. ड्रायव्हर वाय आणि घड्याळ एम असेल, तर कर्नल जोडताना लिंकरला त्या फंक्शनचा पत्ताच सापडत नाही.

पहिलं काम: तीच चूक आपल्या मशीनवर आणा. ज्या डॉट-कॉन्फिग फाइलने (निवडलेल्या किमतींची यादी) बिल्ड मोडला, नेमकी तीच घ्या, तिची एक प्रत बाजूला ठेवा, त्याच कमिटवर (सोर्सच्या त्याच नोंदवलेल्या आवृत्तीवर) जा आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा; ही आज्ञा अटी तपासून राहिलेल्या किमती आपोआप भरते. भाचा इथेच फसला होता. लॅपटॉप जुना, म्हणून चूक पुन्हा आणताना तो फक्त ड्रायव्हरचा फोल्डर बिल्ड करत होता. त्यात ऑब्जेक्ट फाइल तयार होते, पण लिंकिंग होतच नाही, त्यामुळे सगळं छान दिसतं. पूर्ण व्हीएमलिनक्स (सगळा कर्नल जोडून बनलेली फाइल) जुळेपर्यंत थांबावंच लागतं. आम्ही बिल्ड लावला आणि सेव-उसळ खायला बाहेर पडलो. परत आलो तरी चालूच होता.

दुसरं: चुकीचा प्रकार ओळखा. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' लिंकरकडून आला असेल, तर पोटातला कोड बाहेरच्या फंक्शनला हाक मारतोय. तीच तक्रार मॉडपोस्टकडून (बिल्डच्या शेवटी मॉड्यूल तपासणारं साधन) आली, तर एखाद्या मॉड्यूलला हवं ते फंक्शन कुठेच मिळत नाहीये. बहुधा तो ऑप्शनच एन असतो. तिसरा प्रकार इशाऱ्याचा: 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज'. म्हणजे कोणीतरी सिलेक्ट वापरून एक ऑप्शन जबरदस्तीने चालू केलाय, पण त्या ऑप्शनच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झालेल्या नाहीत. हा नुसता इशारा म्हणून सोडू नका, पुढचा बिल्ड याच्याच पायी मोडतो.

तिसरं: कागदावर नऊ चौकोन काढा. आडवे घड्याळाचे वाय, एम, एन, उभे ड्रायव्हरचे. ड्रायव्हर एन असलेली ओळ सोडून द्या. घड्याळ एन असेल तर हेडर फाइलमध्ये रिकामं फंक्शन असतं, ते नल (रिकामा पॉइंटर) परत करतं, म्हणून बिल्ड होतो. (तुमचा ड्रायव्हर ते नल नीट हाताळतो का, तेही याच वेळी बघून घ्या.) उरलेल्यात मोडणारा चौकोन एकच: ड्रायव्हर वाय, घड्याळ एम. डॉट-कॉन्फिगमध्ये ग्रेप (शब्द शोधणारी आज्ञा) मारून बघितलं, तर भाच्याचं नेमकं हेच होतं. दुरुस्ती अशी हवी की हा एक चौकोन बंद होईल आणि बाकीचे तसेच राहतील.

चौथं: ओळ निवडा. इथे घाई नको.

भाच्याने आधी 'सिलेक्ट पीटीपी १५८८ क्लॉक' लिहून पाहिलं. बोंब थांबली. मी त्याला ती ओळ काढायला लावली. सिलेक्ट समोरच्याच्या अटी विचारत नाही. पीटीपीची अट आहे की नेटवर्किंग आणि पॉझिक्स टायमर्स दोन्ही चालू हवेत. पॉझिक्स टायमर्स एक्स्पर्ट ऑप्शन चालू केल्यावर बंद करता येतात, आणि छोट्या उपकरणांसाठी कर्नल करणारे लोक खरंच ते बंद करतात. मग एका जागचा बिल्ड वाचवून आपण दुसऱ्याचा मोडतो. सिलेक्ट वापरावा तो सीआरसी३२सारख्या, फारशा अटी नसलेल्या लायब्ररीवजा ऑप्शनसाठी.

इम्प्लाय हा त्याचा मवाळ भाऊ. तो समोरचा ऑप्शन चालू करण्याची नुसती विनंती करतो. वापरणाऱ्याने तो एम केला तर इम्प्लाय गप्प बसतो, म्हणजे आपला नेमका चौकोन उघडाच राहतो.

'डिपेंड्स ऑन पीटीपी १५८८ क्लॉक' असं सरळ लिहिलं तर चौकोन बंद होतो, पण ज्याला घड्याळ नकोच आहे त्याला ड्रायव्हरही मिळत नाही. नेटवर्क कार्ड हवंय म्हणून घड्याळ का घ्यायचं?

योग्य ओळ दिसायला विचित्र आहे: डिपेंड्स ऑन अमुक || !अमुक. अमुक असेल किंवा नसेल! पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी थट्टा केलीय. पण केकॉन्फिगचं गणित तीन किमतींचं आहे. एन म्हणजे ०, एम म्हणजे १, वाय म्हणजे २. 'किंवा' म्हणजे दोन्हींतली मोठी किंमत, आणि 'नाही' म्हणजे २ वजा ती किंमत. घड्याळ वाय असेल तर २ आणि ०, मोठी २. एन असेल तर ० आणि २, मोठी २. एम असेल तर १ आणि १, मोठी १. म्हणजे घड्याळ मॉड्यूल असेल तर ड्रायव्हरलाही फार तर मॉड्यूल होता येईल. बाकी काही बंधन नाही. आपला एकच चौकोन बंद झाला.

पीटीपीसाठी ही विचित्र ओळ हाताने लिहावीही लागत नाही. २०२१ साली कर्नल डेव्हलपर आर्न्ड बर्गमन यांनी बऱ्याच ड्रायव्हरांमधले इम्प्लाय काढून 'पीटीपी १५८८ क्लॉक ऑप्शनल' हा ऑप्शन आणला. त्यावर डिपेंड्स ऑन लिहायचं, काम झालं. इतर शेजाऱ्यांसाठी 'ब्रिज || ब्रिज=एन' अशी उघडी ओळ लिहितात, अर्थ तोच.

एक खड्डा मात्र सांगून ठेवतो, कारण मी त्यात स्वतः पडलोय. ऑप्शन ट्रायस्टेट (तीन किमतींचा) नसून बूल (फक्त वाय किंवा एन) असेल, तर त्याला एम होताच येत नाही, आणि त्याच्या अटीतला एम वाय धरला जातो. ड्रायव्हरच्या आत तापमान मोजायची सोय हा असाच बूल ऑप्शन असतो. मी तिथे भाबडेपणाने 'डिपेंड्स ऑन एचडब्ल्यूमॉन' (तापमान वगैरे मोजण्याची कर्नलमधली सोय) लिहिलं आणि अर्धा दिवस तेच बिल्ड पुन्हा पुन्हा मोडताना बघत बसलो. ब्रॉडकॉमच्या टिगॉन३ ड्रायव्हरची केकॉन्फिग उघडून बघा, तिथे नको असलेला चौकोन सरळ नाव घेऊन नाकारलाय: टिगॉन३ वाय आणि एचडब्ल्यूमॉन एम, असं नसेल तरच.

सी कोडमध्ये 'इज रीचेबल' हा मॅक्रो वापरूनही बिल्ड वाचवता येतो; समोरचं फंक्शन हाताला लागत नसेल, तर तो तेवढा कोड वगळतो. मला तो पटत नाही. बिल्ड होतो, कार्ड चालतं, घड्याळ मात्र मुकाट गायब असतं, आणि वापरणारा बिचारा डॉट-कॉन्फिगमध्ये घड्याळ चालू बघून डोकं खाजवत बसतो.

पाचवं: चौकोन तपासा. 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग' या स्क्रिप्टने ड्रायव्हर वाय आणि घड्याळ एम करा. ही स्क्रिप्ट अटी तपासत नाही, म्हणून लगेच ओल्डडेफकॉन्फिग चालवा आणि डॉट-कॉन्फिग परत बघा. ड्रायव्हर आपोआप एम झालेला दिसला पाहिजे. मेन्यूकॉन्फिगमध्ये (ऑप्शन निवडायच्या पडद्यावर) तिथे वाय दाबलं, तर दुसरा ऑप्शन मॉड्यूल असल्यामुळे हाही मॉड्यूलच होईल, असा निरोप येतो. मग घड्याळ एन आणि ड्रायव्हर वाय करून पूर्ण बिल्ड घ्या.

'ऑलयेसकॉन्फिग' आणि 'ऑलमॉडकॉन्फिग' दोन्ही पास झाले म्हणून निर्धास्त होऊ नका. एकात दोघंही वाय, दुसऱ्यात दोघंही एम. आपला चौकोन दोन्हींत येतच नाही. तो पकडतो 'रँडकॉन्फिग', वाटेल तशा किमती निवडणारा. मोडणारा कॉन्फिग मिळाला की त्याचा सीड (ज्या आकड्यावरून ती निवड झाली तो) टिपून ठेवा. केकॉन्फिग सीडला तोच आकडा दिला की त्याच सोर्सवर तोच कॉन्फिग पुन्हा मिळतो.

पॅच, म्हणजे केलेला बदल, पाठवताना कमिटच्या मजकुरात मोडणारी जोडी आणि लिंकरची ओळ, दोन्ही लिहा. चूक ज्या कमिटने आली तो शोधून फिक्सेस टॅगमध्ये त्याच्या हॅशची (कमिटच्या ओळखक्रमांकाची) पहिली १२ अक्षरं आणि शीर्षक द्या. चूक मुख्य ट्रीमध्ये पोचली असेल तर विषयात 'पॅच नेट', नाहीतर 'पॅच नेट-नेक्स्ट'. पॅचची मांडणी तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट चालवा, कोणाला पाठवायचं ते गेट मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते. कोणी सुधारणा सुचवली तर दुसरी आवृत्ती पाठवण्याआधी निदान २४ तास जाऊ द्या. भाच्याने पहिली पाठवल्यावर तासाभरात त्याला शीर्षकातलं एक अक्षर चुकलेलं दिसलं. लगेच दुसरी पाठवायला निघाला होता, मी लॅपटॉप मिटला आणि त्याला वरच्या मजल्यावर कुलर भरायला पाठवला.