दोन महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांतून एक निवडायची असेल तर आधी दोन्ही घाट चढवून आणा

साठ-सत्तर लाखांची गाडी घ्यायची आणि निर्णय मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून करायचा, हे मला अजिबात पटत नाही. स्वतःसाठी, मेहुण्यासाठी आणि इथं बेळगावात उद्यमबागेतल्या दोन कारखानदार मित्रांसाठी मी हे काम केलंय, दरवेळी दोन गाड्या समोरासमोर ठेवून. बजेट ठरलंय, पार्किंग आहे, दोन नावं पक्की झालीत असं धरून पुढचं सांगतो.

सीट, स्क्रीन, स्पीकर, सनरूफ एका संध्याकाळी बघून संपवा. फक्त घरातल्या वयस्कर माणसाला मागं दहा मिनिटं बसवा, बॅटरी खाली असल्यामुळं फ्लोअर उंच असतो आणि काही गाड्यांत गुडघे वर येतात.

मग ब्रोशर घ्या, पण त्यातले रेंजचे आकडे एकमेकांना लावू नका. आधी चाचणी कुठली ते बघा. मर्सिडीजची ईक्यूएस ५८० बघा, २०२२ पासून चाकणला जुळवतात, आपल्याकडच्या एआरएआय चाचणीत ती ८५७ किलोमीटर आणि युरोपच्या डब्ल्यूएलटीपीत पावणेसातशेच्या आसपास. गाडी तीच, १०७.८ युनिटची (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, वीजबिलातलंच) बॅटरी तीच. म्हणजे एका ब्रोशरवर एक चाचणी आणि दुसऱ्यावर दुसरी असेल तर ती तुलना नाहीच. बॅटरीचंही तसंच, एकूण किती आणि प्रत्यक्ष वापरता येते किती हे दोन वेगळे आकडे असतात, वापरता येणारा मागून घ्या.

आता खरं काम. इथं मी चुकलो होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वेळी मी गाडी काँग्रेस रोडवर पाच किलोमीटर फिरवली, स्क्रीनवर रेंज बघितली आणि घेतली. दोन महिन्यांनी पणजीहून येताना स्क्रीन १९० दाखवत होती, घर सव्वाशे किलोमीटरवर, म्हटलं आरामात पोचतो. साखळी, केरी गेलं, चोर्ला घाट लागला आणि आकडा असा उतरायला लागला की बघवेना. कणकुंबीत आलो तेव्हा ५२ उरले होते आणि घर पन्नासवर. धो धो पाऊस, मी एसी बंद केला, लगेच काच आतून धुरकट झाली, बायको पंचानं पुसतेय आणि मागनं आई विचारतेय, "अरे एसी का बंद केलास रे, जीव गुदमरतोय." जांबोटीपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. टिळकवाडीत पोचलो तेव्हा ३ टक्के. गाडीत बिघाड काहीच नव्हता. स्क्रीनवरची रेंज म्हणजे गाडीनं मागच्या काही किलोमीटरवरून बांधलेला अंदाज असतो, पुढचा चढ तिनं त्यात धरलेला असेलच असं नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर वर आहे, सव्वादोन टनाची गाडी तेवढी वर आणायला साडेचार-पाच युनिट नुसत्या चढालाच जातात, बाकीचा खर्च वेगळा.

म्हणून माझा नियम एकच, दोन्ही गाड्या एकाच रस्त्यानं जाऊन-येऊन चालवायच्या आणि टक्के नाही, युनिट मोजायचे. चोर्ला जमत नसेल तर हायवेनं निपाणीपर्यंत जाऊन या, सुतगट्टी आणि तवंदी दोन्ही घाट लागतात. त्याच दिवशी किंवा लागोपाठच्या दोन दिवशी, माणसं तीच, एसी २४ वर, टायरची हवा कंपनीनं सांगितलेली, हायवेला ९०. निघताना ट्रिप मीटर शून्य करायचा आणि १०० किलोमीटरला किती युनिट गेले तो आकडा जातानाचा वेगळा, येतानाचा वेगळा वहीत लिहायचा. शोरूमवाले पाच किलोमीटरच्या वर द्यायला कां-कूं करतात, त्यांना म्हणा तुमचा माणूस शेजारी बसू दे पण मी पूर्ण फेरी मारणार. नाहीच म्हणाले तर त्या गाडीचा मालक शोधा, इथं ओळखीतनं सापडतोच. पण फेरी मारल्याशिवाय बुकिंगचा एक रुपया देऊ नका, कितीही ऑफर संपत असली तरी.

मेहुण्याच्या वेळी चोर्ल्यावरून पणजीला जाऊन-येऊन निघालेले आकडे देतो. पांढरी गाडी, वापरायची बॅटरी ६२ युनिट, १०० किलोमीटरला जाताना १४.५ युनिट आणि येताना २१. निळी गाडी, बॅटरी ७५ युनिट, जाताना १७ आणि येताना २३.५. कागदावर निळी शंभरेक किलोमीटर पुढं होती. येतानाच्या हिशोबानं पांढरी २९५ आणि निळी ३१९, म्हणजे फरक फक्त २४ किलोमीटरचा, आणि तेवढ्यासाठी तो दहा लाख जास्त घालायला निघाला होता! येतानाचाच आकडा धरा, तुम्हाला घरी यायचंय.

चार्जिंगमध्ये जास्तीत जास्त किलोवॅट किती यावर भाळू नका. ह्युंदाईची आयोनिक ५ ३५० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के १८ मिनिटांत होते हे खरं, पण हायवेला ६० किलोवॅटचं मशीन मिळालं तर त्याच कामाला पन्नासेक मिनिटं लागणार, आणि त्याला चार्जिंगच्या दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली तर वीज वाटली जाते. तुम्ही नेहमी जाता त्या वाटेवर कुठली मशीन आहेत ते स्वतः जाऊन बघा आणि त्यावरच दोन्ही गाड्या तोला. घरी थ्री फेज नसेल तर सिंगल फेजवर कुठली गाडी किती किलोवॅट घेते ते लेखी घ्या, आणि हेस्कॉमकडं, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडं, लोड वाढवायचा अर्ज गाडी यायच्या आधी टाका.

किंमत नेहमी केए २२ च्या, म्हणजे बेळगाव पासिंगच्या, ऑन-रोडवर लावा. एक कोटेशन कोल्हापूरचं आणि दुसरं हुबळीचं असेल तर टॅक्समुळं सगळा हिशोब फसतो. कर्नाटकात २०२४ पासून २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाडीला १० टक्के लाइफटाइम टॅक्स आहे, ६० लाखांवर ६ लाख होतात. कुणीतरी हमखास सांगणार की पाहुण्यांचा पत्ता लाव आणि एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग करून घे. करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ आहे, दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो, आणि तोवर प्रत्येक चेकिंगला गाडी बाजूला घेऊन उत्तरं देत बसायचं.

शेवटी चार माणसं आणि सामान भरून तुमच्या गल्लीतल्या हंपवरून दोन्ही गाड्या न्या, खाली घासलं तर ती बॅटरीची बाजू आहे हे लक्षात ठेवा. बूटमधलं कव्हर उचलून स्टेपनी आहे का तेही बघा, पुष्कळ गाड्यांत नुसतं पंक्चरचं किट असतं आणि खानापूरच्या पुढं रात्री टायरची बाजू फाटली तर त्या किटचा काही उपयोग नाही. स्टेपनी वेगळी मिळत असेल तर ती बूटमध्ये ठेवायला सांगा आणि मग तुमच्या बॅगा बसतात का तिथंच बघा.